फळीचा ताजा रंग

"लाकडाला म्हातारपण येऊच द्यायचं नाही म्हणे!" सुतारीणबाईंनी नाक मुरडलं. त्यांच्या दीडशहाण्या लेकाने घरी उकळलेलं रोगण हाताने चोळलेली फळी वर्षभरानंतरही नुकती कापल्यासारखी गोरीपान होती.

"आई, बाबांना नाही जमलं ते मला जमलं. मान्य कर ना!"

"मोठे दिवे लावलेस! आणि बोटाला ही चिंधी कसली?"

"करवत लागली होती. ही फळी कापताना."

"वर्षापूर्वी?"

त्यांनी त्याचा हात ओढून चिंधी सोडली. जखम लालभडक होती. तिच्या काठावर रक्ताचा एक थेंब उभा होता. तो सुकला नव्हता आणि ओघळतही नव्हता.

"दुखत नाही गं," लेक कौतुकाने म्हणाला. "म्हणून तर काल तुझ्या तान्ह्या नातीलाही ते रोगण चोळलं. काय सुरेख रंग आहे तिचा!"