पिवळी बोटं

सावद्याला धनकुंवरच्या परसात भोपळ्याचा वेल रोज फुलायचा, पण एकही फळ धरत नव्हता. लाकडं विकायला आलेली बुधीबाई म्हणाली, "बाई, आठे मधमाशी येस नही. नर फूल तोडीसन मादी फूलले तूच लाव."

दुसऱ्या दिवशी उजाडताच धनकुंवरने तसं केलं. बोटं पिवळीधमक झाली. अंगाची हळद उतरायच्या आतच तिचा नवरा गेला होता. ती नुसती बोटांकडे बघत राहिली, धुवायचं सुचेना.

"बहू, हात दाखव."

मागे सासू जतनबाई उभ्या होत्या. त्याही ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. धनकुंवर घाबरली. "हळद नाही, फुलातली पूड आहे."

जतनबाईंनी तिची पिवळी बोटं आपल्या तळहातावर हळूच फिरवली.

"उद्याचं फूल माझ्यासाठी ठेव."