नंबरचं कुलूप

"ताई, सायकलसाठी हे चावीचं घ्या. करवतीनंही कापलं जायचं नाही," दुकानदार म्हणाला.

"चावी नको, दादा. ती कुठं ठेवलीय हे मला ठाऊक असतं." माझ्या मंजिरीची पहिली सायकल तिच्या बापानं विकून दारूत घातली, तेव्हा चावीसाठी त्यानं माझा हात मोडेपर्यंत पिरगाळला होता. खोटं बोलायचं नाही हे माझं व्रत, म्हणून जागा सांगून बसले. आता ही दुसरी सायकलही गेली, तर तिची शाळा सुटणार होती.

दुकानदारानं माझ्या प्लॅस्टरकडे पाहिलं आणि नंबरचं कुलूप काढून पुढं ठेवलं. सोबत आलेल्या मंजिरीनं त्याला तिचा नंबर लावेपर्यंत मी पाठ फिरवून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसले असताना नवऱ्यानं मला केसांना धरून ओढलं. "नंबर बोल!"

"मला माहीत नाही."

त्यानं माझं कपाळ देव्हाऱ्यावर आपटलं. निरांजन विझलं. "देवाची शपथ घे!"

कपाळाचं रक्त लागलेला हात देवावर ठेवून मी शपथ घेतली. तो थबकला. मी खोटं बोलत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

मंजिरीला हाक मारत तो दाराकडे वळला, तेवढ्यात गल्लीच्या टोकाला, शाळेच्या वाटेवर, तिच्या सायकलची घंटी वाजली.