वीस मिनिटांचा रिपोर्ट

हापिसात माझ्याकडचा रिपोर्ट निघायले वीस मिनिटं लागायची. दर नावासाठी प्रोग्रामातली सबक्वेरी माहितीचं अख्खं टेबल पुन्हा धुंडाळायची. तोवर लोक माझ्यापाशी बसायचे, थर्मासातला चहा प्यायचे, नवख्याच्या कपात मी मीठ टाकायचो. बायको गेल्यापासून घरी फक्त टीव्ही बोलते. मग नवीन आलेल्या वैदेहीनं सबक्वेरी काढून जॉइन लावला, म्हणजे सगळी नावं एकाच फेरीत जुळवली. “काका, चार सेकंद!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीबी वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून लोक उभ्याउभ्याच कागद घेऊन पळू लागले. थर्मास भरलेलाच घरी जायचा. आठवड्यानं वैदेही आली. “काका, जुन्या फाइलीत हाच जॉइन तुम्ही तीन वर्षांआधी लिहिलेला दिसला. बंद काहून केला?” “अवं, मशीनलेबी दम खाऊ दे!” मी हसलो. ती नाही हसली. तिनं खुर्ची ओढली, कप पुढं केला. “मीठ नका टाकू. आज रिपोर्ट निघूनच नाही राहिला.”