टाकीतली सकाळ

भिंतभर लांबीची काचेची टाकी, खारं पाणी, त्यात दगड मुरवायलाच महिना गेला. तेव्हा कुठं टाकीवाल्यानं मावशींच्या हॉलमध्ये समुद्रातले जिवंत प्रवाळ बसवले होते. आणि आज सकाळचे अकरा वाजले तरी आत मिट्ट काळोख, प्रवाळ अंग चोरून बसलेले.

"मावशी, टाकीतल्या दिव्यांच्या टायमरला कोण हात लावतं?" टाकीवाल्यानं विचारलं.

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," म्हणत मावशी पुसलेलाच टीपॉय पुन्हा पुसायला लागल्या.

"अहो, यांना रोज ठरल्या वेळी उजाडायला लागतं. सकाळ अशी सरकत राहिली तर जीव धरायचे नाहीत." त्यानं टायमरकडे हात नेला, तसा मावशींनी तो मनगटाशीच धरला.

"राहू दे रे. लेक जहाजावर नोकरीला आहे. जहाज पुढं जाईल तसं तिथलं घड्याळ बदलतं. ती कळवते, मी टायमर फिरवते. टाकीत उजाडलं की समजायचं, बाईसाहेब उठल्या."

टाकीवाला वरमला. समजूत काढायची म्हणून म्हणाला, "मग ज्या दिवशी खिडकीत आणि टाकीत एकदम उजाडेल, त्या दिवशी ती घरी!"

"मलाही तसंच वाटलं होतं," मावशी काच पुसत म्हणाल्या. "गेल्या महिन्यात उजाडलं की एकदम. मी दार उघडं टाकून बसले. घड्याळ तेवढं आपल्याशी जुळलं होतं; जहाज इकडं वळलंच नाही, लांबूनच तसंच पुढं गेलं."