टेकू

भूकंपानंतर नोटीस आली होती: सरकारच्या तीन खात्यांची एकत्र पाहणी होईपर्यंत पडझडीला हात लावायचा नाही; लावला तर घर मदतीच्या यादीतून बाद. गवंड्याने ती तंतोतंत पाळली. पाच वर्षं तो गावभर लोकांच्या भिंती उभ्या करत होता आणि संध्याकाळी अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत येऊन स्वतःच्या घराची कललेली, हात जाईल एवढी चिरलेली भिंत नुसती बघत बसत होता. तिन्ही खाती काही एका दिवशी जमत नव्हती. दोघे यायचे आणि तिसऱ्याची वाट बघून परत जायचे.

"अहो, निदान एक टेकू तरी लावा," बायको कावून म्हणायची. "पोरं खेळतात तिथे."

"एवढी कळ काढली, आता थोडक्यासाठी घालवायचं का?" असं म्हणून तो भिंतीपुढची दोरी पुन्हा घट्ट बांधायचा.

आज एकदाचे तिघेही आले. इंजिनियर दोरी ओलांडून थेट भिंतीपाशी गेला. त्याने फटीत हात घातला, मग खांदा लावून भिंत रेटून पाहिली. वरून माती भुरभुरली. बायकोने पोरांना मागे ओढलं.

भिंत हलली नाही.

इंजिनियरने हात झटकले आणि शेजारच्या कारकुनाला सांगितलं,


"लिहा. टेकूसुद्धा न लावता पाच वर्षं उभी आहे, त्या अर्थी घर राहण्याजोगं आहे. यादीतून नाव कमी करा."