किंमत उतरली

कर्जाचे व्याजदर वाढले आणि आमच्या घरमालकांच्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी त्यांनी किंमत उतरवली. "आधी तुम्हालाच विचारतो वहिनी, भाडेकरू असलात तरी घरच्यासारखे आहात," असं म्हणाले. आम्ही दोघं बँकेत धावलो. घर स्वस्त झालं होतं खरं, पण व्याज इतकं चढलेलं की हप्ता पूर्वीपेक्षाही जड. "दैव देतं आणि बँक नेते," नवरा हसत म्हणाला, पण बाहेर आल्यावर हातातच असलेली गाडीची किल्ली तो खिशात शोधत राहिला.

मग एक जोडपं घर बघायला आलं. यांनाही कर्ज झेपणार नाहीच, अशी मी मनाची समजूत घातली. बाईंनी नळ सोडून पाहिले. माझ्या पाच वर्षांच्या लेकीने त्यांना हौसेने घर दाखवलं. "हे माझं कपाट. इथे सकाळी ऊन येतं. आणि या भिंतीवर चित्र काढलं की आई ओरडते."

"कर्ज कशाला हवंय?" बाईंचे यजमान घरमालकांना म्हणाले. "पैसे तयार आहेत. कुणी घेत नसतं, तेव्हाच घ्यायचं असतं."

लेकीने बाईंचा पदर ओढला. "मावशी, मग माझ्या खोलीत कोण झोपणार?"

 

"कुणीच नाही गं राणी," तिचा गाल कुरवाळत त्या म्हणाल्या. "भाव चढेपर्यंत कुलूप लावून ठेवणार."