छातीचा दुसरा फोटो

"तिकडे गेल्यावर तब्येतीकडे दुर्लक्ष करू नका," असं मनिलाच्या दवाखान्यातल्या बाईने बजावलं होतं. कॅनडाच्या व्हिसासाठी छातीचा फोटो दोनदा काढावा लागला, तेव्हा. अनालिनने ते हसण्यावारी नेलं. यंत्रच जुनं असेल म्हणाली, आणि दोघी बहिणी बाहेर येऊन समोरच्या गाडीवर शहाळं प्यायल्या.

विनिपेगच्या विमानतळावर उतरली तेव्हा मात्र शिक्क्यासोबत हातात एक कागद आला. छातीत डाग दिसतोय, क्षयाचा जुना डाग असावा. महिन्याभरात इथल्या आरोग्य खात्याकडे हजर व्हा.

महिना गेला. आधी बर्फाचं कारण झालं, मग बाळंतपणाचं, मग मिका फार लहान आहे याचं. शेवटी खात्यातूनच फोन आला. आज दुपारी या.

"मी तुला कधीपासून सांगतोय, मास्क लाव," तिचा नवरा रॉमेल बूट चढवता चढवता म्हणाला. त्याची कारखान्याची पाळी होती. "पोरीला नुसती शिंक आली तर रात्रभर उशाशी बसतेस. आणि स्वतःच्या छातीत डाग असून तिला खुशाल अंगावर पाजतेस!"

"काही होत नाही तिला."

"कशावरून? डॉक्टर आहेस?"

मिकाच्या टोपीची गाठ सोडून अनालिनने पुन्हा बांधली.

"हे बघ," रॉमेलचा आवाज खाली आला. "औषध दिलं तर घेऊ. पण नियम मोडलाय म्हणून परत पाठवलं तर? इथे घर लागलंय, पोर इथली झालीय. तिथे जे विचारतील त्याला हो म्हण, जास्त बोलू नकोस."

तो गेल्यावर तिने बहिणीला फोन लावला. रोज लावायची. तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ होती. पडद्यावर नेनेत दिसली, मागे भिंतीवर बालवाडीच्या मुलांनी रंगवलेले मासे. झग्याची डावी बाही नेहमीसारखी ओघळलेली. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडल्यापासून तिचा तो खांदा उतरताच होता.

"ताई, गाल बसलेत गं तुझे."

"लाव दृष्ट! सगळ्या गल्लीत माझ्या बारीकपणाचं कौतुक चाललंय आणि तुझं आपलं रडगाणं."

"खोकला?"

"खडूचा गं. वीस पोरं अंगावर लोळतात दिवसभर, खोकला नाही येणार तर काय येणार?" नेनेत तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरून खोकली. मग डोळे पुसत हसली. "तुझे कागद सगळे नीट झाले ना? माझ्यामुळे पोचलीस हो कॅनडाला, विसरू नकोस. मिकाचं पहिलं जावळ मला पाठवायचंय."

"झाले सगळे नीट," अनालिन म्हणाली. "ताई, एकदा डॉक्टरकडे जाऊन ये ना."

"पैसे वर आलेत का तुझे? ठेव आता, भात करपला."

आरोग्य खात्यात फ्रीसेनबाई नावाच्या पिकल्या केसांच्या परिचारिका होत्या. त्यांनी मिकाला मांडीवर घेतलं, अनालिनला फोटो काढायला आत पाठवलं.

"गरोदर नाही ना?" आतल्या मुलाने विचारलं.

"आता नाही," ती म्हणाली.

तिने हनुवटी टेकवली, श्वास रोखला. त्या क्षणी ती जे मागत होती ते ऐकून देवही चक्रावला असता.

बाहेर येऊन बसली, पण तिला बसवेना. खिडकीशी जायची, परत यायची.

"बाई, असा डाग असलेल्या माणसाचं वजन उतरायला लागलं तर?"

"मग थांबून चालत नाही. जुना डाग कधीही जागा होतो. घरातल्यांना लागतो, लहान मुलांना आधी. का? तुमचं उतरलंय?"

"नाही."

फ्रीसेनबाईंनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. बराच वेळ पाहिले. चष्मा वर केला, पुन्हा पाहिले. मग त्या हसल्या.

"पोरी, तुझी छाती स्वच्छ आहे. डागाचं नावसुद्धा नाही."

अनालिनने खुर्चीची कड धरली. "पुसला गेला असेल का?"

"असा डाग पुसला जात नाही. आणि हे बघ, या मनिलाच्या फोटोत डावं गळ्याचं हाड मोडून जुळलेलं दिसतंय. तुझं कधी मोडलं होतं?"

"नाही."

"मग झालं तर! हा तुझा फोटोच नाही. तिकडे कुणाचा तरी तुझ्या नावावर चढलाय. गर्दीत होतं असं. मी तसं लिहून टाकते. तू मोकळी झालीस, पुन्हा यायची गरज नाही." त्यांनी मिकाला तिच्या हातात दिलं. "आता तरी हस!"

अनालिन उठली. दारापर्यंत गेली. खिशात फोन थरथरला. रॉमेलने विचारलं होतं, काय झालं? मिकाने तिच्या गळ्यात तोंड खुपसलं. बस समोरच उभी होती.

ती परत फिरली आणि फ्रीसेनबाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"गर्दीत काही झालं नाही, बाई. तेव्हा ही माझ्या पोटात होती, म्हणून माझ्या नावाने आत माझी ताई गेली होती. तिला अजून काही माहीत नाही. वीस पोरं रोज तिच्या अंगावर लोळतात... तुम्ही कुणाला तरी तिच्याकडे पाठवा ना."